साहेब निघाले का?

मला नोकरी लागली तेव्हा घरात पहिला प्रश्न सासूबाईंनी विचारला. "लवचिक वेळ, लवचिक वेळ म्हणून नाचते आहेस, पण वाकायचं कुणी? तू की ऑफिसनं?"

"ऑफिसनं, आई," मी म्हटलं. "सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत आपल्या सोयीनं आठ तास भरायचे. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी स्वतः सांगितलं."

"बघू," त्या म्हणाल्या. आमच्या सासूबाईंचं 'बघू' म्हणजे कोर्टाची पुढची तारीख. निकाल लागेपर्यंत माणसानं लटकत राहायचं.

पण त्या दिवशी मला कुणाच्याही 'बघू'नं फरक पडणार नव्हता. चिमणी झाल्यापासून मी घरी होते, आणि चिमणी आता दुसरीत होती. मधल्या काळात मी इतके अर्ज केले होते की शेवटी शेवटी नवऱ्यानं काय झालं म्हणून विचारणंही सोडून दिलं होतं. कंपनी मोठ्या शहरात, आणि आमचं गाव तिथून हमरस्त्यानं दोन तासांवर. घर हलवायचा प्रश्नच नव्हता. नवरा इथल्या रुग्णालयात नर्स, त्याची कायम दुपारपाळी, चिमणीची शाळा इथली, डोक्यावरचं छप्पर इथलं. म्हणजे हलायचं होतं ते मी, रोज जाऊन-येऊन. नणंदेनं फोनवर हे ऐकलं आणि म्हणाली, "वहिनी, रोज चार तास बसमध्ये? डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे, ठिकाणच जरा लांब आहे." हे मला ऐन वेळी सुचलं याचा आनंद मला दिवसभर पुरला.

खरी अडचण संध्याकाळी सातची होती. सासूबाईंनी चौसष्टाव्या वर्षी पोहणं शिकायला घेतलं होतं. गावाच्या टँकवर बायकांची वेळ सातची. "जन्मभर बादलीतल्या पाण्यानं अंघोळ केली, आता एकदा पाण्यात आडवं होऊन बघायचंय," असं त्यांनी जाहीर केलं होतं. अजून त्यांना काठाचा दांडा सोडवत नव्हता. तो धरून त्या नुसते पाय मारायच्या. पण एक दिवस चुकवला नव्हता. त्यांनी आम्हा नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, "दिवसभर चिमणीचं मी बघते. सातला मात्र मी पाण्यात असणार. तेव्हा घरात कोण असेल ते तुम्ही ठरवा."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याची पाळी रात्री सुटणार, म्हणजे ठरवायला काही उरलंच नव्हतं. मी शब्द दिला की सातच्या आत घरात.

हिशेब सोपा होता. पहाटेची पहिली बस पकडायची, साडेसातला ऑफिसात, सव्वाचारला बाहेर, साडेचारची बस, साडेसहाला घरी. बसमधली माणसंही लवकरच ओळखीची झाली. रसायनशास्त्राच्या एक बाई होत्या, त्या मांडीवर पेपर तपासायच्या आणि खड्डा आला की लाल पेन वर उचलायच्या. एका लाँड्रीत कामाला जाणाऱ्या दोन बहिणी होत्या, त्या एकमेकींच्या खांद्यावर आळीपाळीनं झोपायच्या. आणि एक गृहस्थ तोंड उघडं टाकून घोरायचे, ते स्वतःचा थांबा आला की कुणी न हलवता जागे व्हायचे. ही विद्या मला अजून साधलेली नाही.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. शहरभर इमारती, इमारतींत लिफ्ट, आणि लिफ्टचा स्वभाव असा की ती बंद पडायची तर सकाळीच पडते. लोक कामाला निघालेले असतात, बटण दाबतात, आणि ही बाई चौथ्या मजल्यावर रुसून बसलेली. कुठल्या मेकॅनिकनं कुठल्या इमारतीत जायचं हे ठरवून त्यांना पाठवायचं, हे माझं काम. साडेसातला मी पोचायचे तेव्हा सफाईच्या मावशी ओला पोछा मारत असायच्या. फरशी वाळेपर्यंत मी टेबलावर पाय वर घेऊन फोन घ्यायचे. आठला साहेब यायचे, माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घ्यायचे. बाकीची मंडळी साडेआठ-नऊला यायची, तोवर माझे निम्मे मेकॅनिक कामाला लागलेले असायचे. मला ते काम मनापासून आवडलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला विचारत होतं, "मॅडम, आता कुठे जाऊ?" आणि मला उत्तर माहीत असायचं.

असे तीन आठवडे गेले. मग एका दुपारी हेडक्लार्क माझ्या टेबलाशी आले. त्यांना सगळं ऑफिस काका म्हणतं. गोल चष्मा, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलताना आवाज इतका हळू की समोरच्यालाही गुन्ह्यात सामील झाल्यासारखं वाटावं.

"ताई, एक सांगू का? रागावू नका."

रागावू नका म्हटलं की मला आधीच राग येतो. पण नोकरी नवी होती, म्हणून मी हसले.

"साहेबांना आवडत नाही हो."

"काय आवडत नाही?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "हे असं उजेडात घरी जाणं."

"साहेब म्हणाले तसं?"

"साहेब कशाला म्हणतील?" काका माझ्या अज्ञानानं दुखावले गेले. "साहेब लोक म्हणत नसतात. आपण ओळखायचं असतं. ते स्वतः आठला येतात आणि आठपर्यंत बसतात. आणि आपण सव्वाचारला पर्स उचलायची? तुमची अजून तीन महिन्यांची चाचणी आहे. शेरा साहेबच देणार. पक्कं व्हायचंय ना?"

पक्कं तर व्हायचं होतंच. मी चौकशी केली तेव्हा कळलं की हा रिवाज जुन्या साहेबांच्या वेळचा. ते संध्याकाळी केबिनमधून बाहेर यायचे आणि रिकाम्या खुर्च्यांच्या बैठकीवर हात ठेवून बघायचे. खुर्ची गरम असली तर माणूस आत्ताच गेला, गार असली तर दुसऱ्या दिवशी त्याची धडगत नाही. ते साहेब वर्षापूर्वी निवृत्त झाले, नवे साहेब दुसऱ्या शहरातून बदलून आले, पण ऑफिस तसंच बसून राहिलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. मध्यंतरी मुख्य कचेरीनं लवचिक वेळेचं पत्रक पाठवलं, ते सगळ्यांनी वाचलं, छान आहे म्हणाले आणि पुन्हा बसले.

मीही बसायला लागले.

त्या संध्याकाळी मी जे पाहिलं ते सांगितलं तर कुणाला पटणार नाही. काम सगळ्यांचं पाचालाच संपलेलं होतं. त्यानंतर टायवाला, म्हणजे आमच्यात टाय लावणारा एकमेव माणूस, जुन्या टूथब्रशनं कीबोर्ड घासत होता. थर्मासबाई (त्यांचा थर्मास त्यांच्यापेक्षा थोडाच बुटका होता) ड्रॉवर अर्धा उघडून त्यात मटार सोलत होत्या. एक जण एकच फाईल उघडत होता आणि मिटत होता. आणि दर थोड्या वेळानं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे तोच प्रश्न जायचा, ओठ न हलवता.

"साहेब निघाले का?"

"दिवा आहे."

केबिनच्या दाराखाली उजेडाची एक फट दिसायची. सगळं ऑफिस त्या फटीकडे डोळे लावून बसायचं. आठाला ती फट विझायची, साहेब खाली मान घालून झपाझप निघून जायचे, आणि मग दोन मिनिटांत ऑफिस रिकामं. साडेचारनंतर आमच्या गावाला थेट बस नव्हती. दोन बस बदलत मी घरी पोचायचे तेव्हा चिमणी झोपलेली असायची. रोज दुपारी मी घरी फोन करायचे, "आई, आज जरा उशीर होईल." पलीकडून एवढंच यायचं, "बरं."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या 'बरं'नं मी आतून सोलली जात होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. इकडे बोललं तर नोकरी जाणार, तिकडे बोलायला तोंड नाही.

आठवडाभरानंतरच्या एका पहाटे डबा भरता भरता माझं लक्ष खुंटीवर गेलं. सासूबाईंची पोहण्याची पिशवी तिथे लटकत होती. वर टॉवेल, कडक वाळलेला, घडीवर घडी. मी हात लावून पाहिला. कितीतरी दिवसांत त्याला पाणी लागलेलं नव्हतं. मला वाटत होतं की त्या चिमणीला शेजारी सोडून जात असतील. मी एकदाही विचारलं नव्हतं.

"आई, तुम्ही टँकवर जात नाही?"

"पाणी कुठे पळून जातंय?" त्या चहा गाळत म्हणाल्या. "चिमणी शेजारी राहत नाही, रडते. तुझं मिटलं की जाईन."

मला रडू फुटलं. "आई, मी नोकरी सोडते."

त्यांनी गाळणं आपटलं. "सोडशील तर याद राख! अगं, माहेरी तुला मिरची म्हणतात ना? भाजीत मीठ किती घालायचं यावरून माझ्याशी तासभर भांडतेस. कपडे उलटे वाळत घालायचे की सुलटे यावरून आपलं दोन दिवस वाजलं होतं. आणि तिथे त्या साहेबापुढे जीभ टाळ्याला चिकटली?"

"नोकरी जाईल, आई."

"भांडून गेली तर जाऊ दे. मी शेजारपाजारी अभिमानानं सांगेन. न भांडता गेली तर मात्र मी तुला या घरात घेणार नाही."

नवरा डोळे चोळत दारात आला. "आई, हळू, चिमणी उठेल."

"तू झोप!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो, आणि तो निमूटपणे परत गेला.

बसमध्ये मी सगळं भाषण तयार केलं. साहेब, तुमचं आठ तासांचं पत्रक, साहेब, माझं काम बघा, साहेब, खुर्चीला चिकटून बसण्यानं लिफ्ट दुरुस्त होत नाहीत. माझे ओठ हलत असावेत, कारण रसायनशास्त्राच्या बाईंनी लाल पेन थांबवून विचारलं, "पाठांतर का?"

"भांडण आहे आज, साहेबांशी."

"मग आवाज खालून सुरू करा," त्या म्हणाल्या. "वर जायला जागा राहते. मी वर्गात तेच करते."

सव्वाचार वाजले. मी पर्स उचलली. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि दोन्ही हातांनी 'बसा, बसा' अशी खूण केली. मी उभीच राहिले. थर्मासबाईंच्या हातातली शेंग अर्धवट सोलायची थांबली. मी दाराकडे न वळता केबिनकडे वळले तेव्हा टायवाल्यानं चक्क डोळे मिटून घेतले. भीती होतीच, पण तिच्यावर सासूबाई पाय देऊन उभ्या होत्या. मी दारावर टकटक केली, उत्तराची वाट न बघता दार ढकललं आणि आत शिरले.

साहेब खुर्चीत नव्हते. ते खिडकीशी उभे होते, ऑफिसाकडे उघडणाऱ्या. खांद्याला बॅग, डोक्याला टोपी, हातात छत्री, आणि एक डोळा पडद्याच्या फटीला लावलेला. मला बघून ते असे दचकले की छत्री खाली पडली.

"साहेब," मी आवाज खालून सुरू केला, "मी चालले."

तो जरा जास्तच खालून निघाला असावा. "काय?" साहेब म्हणाले.

"मी चालले, साहेब. घरी."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "खरंच? आणि बाकीचे? बाकीचे पण निघाले का?"

हे माझ्या भाषणात नव्हतं. टेबलावर पेन्सिलींची रांग होती, सगळ्या टोकदार, त्यातल्या काही टोक करून करून करंगळीएवढ्या उरलेल्या.

"दार लावा जरा," साहेब कुजबुजले. "मॅडम, तुम्ही नव्या आहात, तुम्हालाच विचारतो. ही माणसं घरी का जात नाहीत?"

"तुम्ही जात नाही म्हणून."

"मी? अहो, मी ते जात नाहीत म्हणून बसलोय!"

मला हसू येत होतं, पण साहेबांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. ते खुर्चीच्या कडेवर टेकले, बॅग खांद्यालाच. "पहिल्या दिवशी हेडक्लार्क मला म्हणाले, साहेब, आपल्या ऑफिसात उजेडात कुणी घरी जात नाही. मला वाटलं, केवढी ही निष्ठा! मी आठला येतो, साडेचारला माझे तास भरतात, पाचची गाडी आहे. पण सगळे माना खाली घालून काम करतायत आणि नवा साहेब बॅग उचलून निघाला, हे बरं दिसतं का? म्हटलं, एखादा तरी उठू दे, त्याच्या मागून मी जातो. कुणी उठतच नाही. रोज इथे तयार होऊन उभा राहतो."

"तुमचं घर कुठे आहे, साहेब?"

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. ते माझ्या गावाच्या उलट्या दिशेला आणि माझ्यापेक्षाही लांब होतं. "बायकोनं आता जेवायला थांबणं सोडलंय. धाकटा मला 'फोनमधला बाबा' म्हणतो." मग त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही रोज सव्वाचारला जायचात ना, तेव्हा मला फार बरं वाटायचं. पडद्याआडून बघायचो. एक तरी सुटतंय म्हणायचो. आणि मग गेल्या आठवड्यापासून तुम्हीही बसायला लागलात. तेव्हा मात्र मी आशाच सोडली."

मी घरून एवढा राग घेऊन आले होते, बसमध्ये दोन तास त्याला धार लावली होती, आणि आता तो ठेवायला जागा सापडेना. या माणसाला ओरडू तरी काय? मी खाली वाकून त्यांची छत्री उचलून त्यांच्या हातात दिली. "चला, साहेब."

"तुम्ही व्हा पुढे. मी येतो मागून."

"अजिबात नाही. मी पुढे गेले तर बाई गेली म्हणतील. तुम्ही गेलात तर ऑफिस सुटेल."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. दाराच्या मुठीला हात लावला आणि काढला. मग एकदाचे बाहेर पडले, आणि मी मागे.

दार उघडल्याबरोबर सगळ्या माना कीबोर्डवर पडल्या. टकटकाट असा सुरू झाला की पत्र्यावर गारा पडत असाव्यात. साहेब मधोमध उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "मी घरी निघालोय."

टकटकाट थांबला. कुणी हललं नाही. काका हळूच उठले, चेहऱ्यावर काळजी. "साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे की नाही तेच बघायला चाललोय," साहेब म्हणाले. "आणि उद्याही जाणार. रोज जाणार. ज्याचे आठ तास भरले त्यानं निघायचं, मी असो की नसो. मी तुमच्यासाठी बसलो होतो. तुम्ही कुणासाठी बसला होतात?"

काकांच्या गोल चष्म्याच्या काचा धूसर झाल्या. "तुमच्यासाठी, साहेब," ते म्हणाले. "माझं घर इथून दोन गल्ल्या सोडून आहे."

मागे थर्मासबाई फसकन हसल्या, आणि मग हसू सगळ्या टेबलांवरून फिरलं. कुणी पोट धरून हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. साहेबांनाही शेवटी हसू आवरेना. "आज ज्यांचे तास थोडे कमी पडतायत," ते म्हणाले, "त्यांनी गेल्या वर्षभराच्या संध्याकाळींतून काढून घ्या. बक्कळ शिल्लक असतील."

"साहेब, फोन?" कुणीतरी विचारलं. रात्रपाळीचा माणूस सहाला येतो.

टायवाला उभा राहिला. टाय सारखा करून छाती काढून म्हणाला, "मी थांबतो. मी आज अकराला आलोय." इतक्या वर्षांत त्या ऑफिसात कुणी उशिरा आल्याचं एवढ्या अभिमानानं सांगितलं नसेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाकीचं ऑफिस एकदम उठलं आणि एकदमच लिफ्टमध्ये शिरलं. लिफ्ट कंपनीचीच लिफ्ट ती, लागली बोंबलायला. एवढी माणसं एका वेळी तिनं कधी पाहिलीच नव्हती. वजन जास्त झालं म्हणून साहेब बाहेर आले. साहेब बाहेर आले म्हणून काका बाहेर आले. काका आले म्हणून थर्मासबाई, आणि बघता बघता सगळे बाहेर. दार मिटलं, लिफ्ट रिकामीच खाली गेली आणि आम्ही शाळा सुटल्यासारखे जिन्यानं निघालो. सगळ्यात पुढे छत्री हलवत साहेब होते.

रस्त्यावर लख्ख ऊन होतं. काका फाटकातच थांबले. समोरच्या दुकानाकडे बोट दाखवून म्हणाले, "अरे, हे चष्म्यांचं दुकान आहे होय! मी येतो तेव्हा बंद, जातो तेव्हा बंद. मला वाटायचं, गोदाम असेल." आणि ते खरंच रस्ता ओलांडून ते बघायला गेले.

मला मात्र बघायला वेळ नव्हता. साडेचारची बस थांब्यावरून हलली होती. मी साडी गुडघ्यापर्यंत उचलली आणि अशी धावले की वाटेत एक कुत्रं बाजूला झालं. बसच्या पत्र्यावर थाप मारली. कंडक्टरनं दार उघडलं. "ताई, आठवडाभर कुठे होता?"

"कोंडून घातलं होतं!" मी म्हटलं आणि धापा टाकत आत पडले.

रसायनशास्त्राच्या बाईंनी पेपर उचलून जागा केली. "काय झालं भांडणाचं?"

"जिंकले," मी म्हटलं. "पण भांडायलाच मिळालं नाही." त्यांनी पुढच्या पेपरवर मोठी बरोबरची खूण केली. तो पेपर कुणाचा होता देव जाणे, पण त्या पोराचं भलं झालं.

खिडकीतून शेतं दिसत होती, ऊन खाली उतरत होतं, आणि मला गावं दिसत होती, माणसं घरी परतताना दिसत होती. मीही त्यांच्यातलीच होते. मला इतका आनंद झाला होता की दोन तासांचा रस्ता पुरला नाही.

साडेसहाला मी दारात उभी राहिले तेव्हा चिमणी धावत येऊन कमरेला बिलगली. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "गेली ना नोकरी?"

"नाही गेली."

"मग आत्ता कशी आलीस?"

मी पायरीवर बसूनच सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे भांडलीच नाहीस. मग एवढा राग घेऊन गेली होतीस त्याचं काय केलंस?"

"शिल्लक आहे."

"जपून ठेव. पगारवाढीच्या वेळी लागेल." त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि चपला अडकवल्या. "कुकर लावलाय. मी चालले पाण्यात."

त्यानंतर आमच्या ऑफिसात जो तो आपल्या वेळेला येऊ लागला आणि आपल्या वेळेला जाऊ लागला. थर्मासबाई दहाला येतात, कारण त्यांना सकाळी उठवत नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच मोकळेपणानं कबूल केलं. काका मात्र पंधरा दिवस साडेपाचला उठून नुसते दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. सवय अशी तुटत नाही. सोळाव्या दिवशी गेले ते गेले.

माझे तीन महिने भरले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही पक्क्या. आणि घरी माझं जेवण आता गरम असतं." शेऱ्याच्या रकान्यात काकांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'कामात चोख. घरी वेळेवर जातात.' त्या ऑफिसात याच्याइतकं मोठं कौतुक दुसरं नव्हतं. मी दोनदा वाचलं.

त्या दिवशी बस वाटेत रखडली. सात वाजायला आले आणि मी अजून गावच्या वेशीवर. चिमणीसाठी नवऱ्यानं नेमकी रजा घेतली होती म्हणून सासूबाई गेल्या असणार. मला ती बातमी पहिल्यांदा त्यांनाच द्यायची होती. मी घरी न जाता सरळ टँकवर गेले.

पाण्यात आठ-दहा बायका होत्या. सासूबाई पलीकडच्या काठाला, दोन्ही हातांनी दांडा गच्च धरून पाय मारत होत्या. शिकवणारी बाई त्यांच्या शेजारी उभी होती. मला राहवलं नाही. मी अलीकडच्या काठावर उभी राहून हात हलवत ओरडले, "आई! पक्की झाले!"

त्यांनी वळून पाहिलं. एक हात सोडून कानाला लावला. मी पुन्हा ओरडले, पण पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकू जाईना. त्यांच्या कपाळावर ती ओळखीची आठी पडली, मीठ जास्त झालं की पडते ती. मग त्यांनी दुसराही हात सोडला आणि सरळ माझ्या दिशेनं निघाल्या.

शिकवणाऱ्या बाईनं हात पुढे केला, आणि मग मागे घेतला. पाणी उडत होतं, मान कधी वर कधी खाली, हात कसेही पडत होते, पण त्या येत होत्या. बाकीच्या बायका आपलं पोहणं सोडून बाजूला झाल्या. मध्ये एकदा त्या बुडाल्यासारख्या झाल्या आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. पण डोकं पुन्हा वर आलं, डोळे माझ्यावरच.

त्या अलीकडच्या काठाला येऊन आदळल्या. मी गुडघ्यावर बसून त्यांचे दोन्ही हात धरले.

"काय म्हणालीस?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "तिकडे ऐकू येत नव्हतं."

"पक्की झाले, आई. नोकरी पक्की झाली."

"मग हे जरा जोरात सांगायचं ना," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांना काहीतरी लक्षात आलं. त्यांनी हळूच मान वळवून पलीकडचा काठ पाहिला. तिथे तो दांडा होता, आणि दांड्याजवळ कुणी नव्हतं.

"मी तिकडून आले?" त्यांनी विचारलं. "माझी मी?"

"तुमच्या तुम्ही, आई," मी म्हटलं, आणि रडायला लागले.